बाटली सोडली की बीपी वाढेलच असं नाही

समजा, साठीची एक बाई आहे. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन चाललंय, भूल देऊन पाऊण तास झालाय. मॉनिटरवर बीपी ८४/४४ दिसतंय, म्हणजे सरासरी दाब ५७ च्या आसपास. नाडी ९२. रक्तस्राव म्हणावा तसा नाही. भूलतज्ज्ञाच्या हाताशी दोन गोष्टी आहेत: स्टँडला टांगलेली आर.एल.ची (रिंगर लॅक्टेट या सलाईनची) बाटली आणि सिरिंज पंपात भरून ठेवलेलं, रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन. आधी कशाला हात घालायचा?

हा दाब असाच सोडून देता येत नाही, एवढं नक्की. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या तेहतीस हजारांहून अधिक ऑपरेशनांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी दाब ५५ च्या खाली अगदी काही मिनिटं गेला असेल, तरी त्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडाला आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं प्रमाण जास्त दिसलं. दाबामुळेच इजा झाली, की मुळात नाजूक असलेल्यांचाच दाब पडला, हा वाद अजून मिटलेला नाही. पण व्यवहारात बहुतेक भूलतज्ज्ञ ६५ ही लक्ष्मणरेषा मानतात.

मग बाटलीच सोडायची ना? वर्षानुवर्षं हेच होत आलं. रुग्ण रात्री बारापासून उपाशी, पोट उघडं, त्यातून पाणी उडून जातंय, म्हणजे शरीर कोरडं पडलंय, असा सरळ हिशेब होता. त्यातला बराचसा भाग आता टिकत नाही. निरोगी माणूस रात्रभर उपाशी राहिल्याने त्याच्या रक्ताचं प्रमाण फारसं घटत नाही. शिवाय भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत साधं पाणी प्यायला चालतं, असं मार्गदर्शक सूचना कधीपासून सांगताहेत. आपल्याकडे ‘बारानंतर पाण्याचा थेंबही नको’ अजून सर्रास ऐकू येतं, ती गोष्ट वेगळी.

माझ्या मते खरी गल्लत प्रश्न विचारण्यातच होते. ‘सलाईन दिल्यावर बीपी वाढेल का?’ हा एक प्रश्न नाही, ते दोन प्रश्न आहेत. पहिला: जास्त द्रव मिळाल्यावर हृदय दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकेल का? दुसरा: ते जास्तीचं रक्त दाबाच्या रूपात दिसेल का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’, असं बऱ्याचदा होतं. मग समोरचा माणूस आकडा हलला नाही म्हणून आणखी एक बाटली लावतो.

दाब कशावर ठरतो, ते आधी पाहू. हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं आणि ते रक्त ज्या धमन्यांतून जातं त्या किती आवळलेल्या आहेत, या दोन गोष्टींच्या गुणाकारातून ढोबळमानाने दाब मिळतो. हृदय किती फेकणार, हे त्याच्याकडे परत किती येतं यावर अवलंबून. आणि परत येणारं रक्त येतं शिरांमधून. शरीरातलं साधारण सत्तर टक्के रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्येच असतं.

इथे एक पिंप डोळ्यांसमोर आणा. त्याची तोटी तळाशी नाही, बरीच वर बसवलेली आहे. पाणी तोटीच्या वर असेल तेवढंच वाहणार. खालचं पाणी पिंपात आहे, पण तोटीच्या दृष्टीने नसल्यासारखंच. शिरांमधल्या रक्ताचंही तसंच असतं. मोठा हिस्सा नुसता शिरा भरून ठेवतो. त्याच्या वरचा थोडका हिस्सा शिरेच्या भिंतीवर ताण आणतो आणि रक्ताला हृदयाकडे ढकलतो. आता प्रोपोफोलसारखं भुलीचं औषध दिलं, किंवा कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला, की शिरा सैलावतात. जणू पिंपच रुंद झालं. पाणी तेवढंच, पण पातळी तोटीखाली गेली. थेंबभर रक्त न सांडता दाब पडतो तो असा.

पातळी वर आणायचे मार्ग दोन. वरून पाणी ओता, नाहीतर पिंप आवळा. सलाईन पहिलं काम करतं, नॉरअ‍ॅड्रेनालिन दुसरं. नॉरअ‍ॅड्रेनालिन फक्त धमन्या आवळतं असा समज आहे. ते शिराही आवळतं आणि बाजूला पडून राहिलेलं रक्त पुन्हा कामाला लावतं.

पाणी ओतण्याचा उपयोग कुठवर होतो, ते ओटो फ्रँक आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. हृदयाचा स्नायू भरताना जितका ताणला जातो, तितका तो पुढच्या ठोक्याला जोरात आकुंचन पावतो. पण एका मर्यादेपर्यंतच. आलेख काढला तर सुरुवातीला चढ आहे, पुढे पठार. चढावर उभ्या असलेल्या हृदयाला पाव लिटर द्रव दिलं की ठोक्यामागे रक्त दहा-पंधरा टक्क्यांनी वाढतं. पठारावरच्या हृदयाला तेच दिलं तर ठोका, म्हणजे ठोक्यामागचं रक्त, तेवढाच राहतो, वाढतो फक्त मागचा दाब, म्हणजे फुप्फुसात पाणी साचण्याची तयारी. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवर झालेले अभ्यास एकत्र पाहिले तर द्रव दिल्यावर साधारण निम्म्याच रुग्णांचा ठोका वाढल्याचं दिसतं. नाणं उडवण्यापेक्षा हे काही फार बरं नाही.

रुग्ण चढावर आहे की पठारावर, हे ओळखायला कितीतरी वर्षं मानेतल्या शिरेतून नळी घालून सीव्हीपी, म्हणजे हृदयाच्या दारातला शिरांचा दाब, मोजत असत. आकडा कमी म्हणजे रुग्ण कोरडा, जास्त म्हणजे भरलेला. ऐकायला पटतं. २००८ मध्ये पॉल मारिक आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले आणि निष्कर्ष काढला की सीव्हीपीवरून द्रवाचा उपयोग होईल की नाही हे सांगता येत नाही. त्या लेखाच्या शीर्षकात सात घोड्या आहेत. कारण सीव्हीपी आणि रक्ताचं प्रमाण यांचा चांगला मेळ त्यांना ज्या एकाच अभ्यासात सापडला, तो सात घोड्यांवर केलेला होता, उभ्या आणि जाग्या घोड्यांवर. योगायोग असा की रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तोही एका घोडीचाच. इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी तिच्या धमनीत नळी बसवून त्यावर काचेची उभी नळी जोडली. रक्त आठ फुटांहून वर चढलं. मग ते थोडंथोडं रक्त काढत गेले आणि स्तंभाची उंची दर वेळी लिहीत गेले. १७३३ मध्ये ते छापून आलं. रक्ताचं प्रमाण आणि दाब यांचं नातं शोधायचा तो पहिला प्रयत्न.

सीव्हीपीचा दोष असा की तो एक स्थिर आकडा आहे. हृदय आलेखावर कुठे उभं आहे हे कळायला त्याला जरा हलवून पाहावं लागतं. आणि गंमत म्हणजे भूल दिलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे हलवायचं काम व्हेंटिलेटर दर श्वासाला आपणहून करत असतो. तो छातीत हवा ढकलतो तेव्हा छातीतला दाब वाढतो, उजव्या हृदयाकडे परतणारं रक्त क्षणभर अडतं आणि दोन-चार ठोक्यांनी त्याचा परिणाम डाव्या हृदयापर्यंत पोहोचतो. हृदय पठारावर असेल तर या कमी-जास्त येण्याचं त्याला काही वाटत नाही. चढावर असेल तर ठोके लहान-मोठे होतात, आणि मनगटातल्या धमनीत लाईन (दाब सतत मोजणारी बारीक नळी) घातलेली असेल तर पडद्यावरची लाट श्वासागणिक झुलताना दिसते.

हा झुलता फरक मोजायचा. वरचा दाब वजा खालचा दाब म्हणजे पल्स प्रेशर. आपल्या रुग्णाचं सरासरी ४०. समजा एका श्वासाच्या आवर्तनात ते जास्तीत जास्त ४४ आणि कमीत कमी ३६ होतंय. फरक ८, भागिले सरासरी ४०, म्हणजे २० टक्के. याला पीपीव्ही (पल्स प्रेशर व्हेरिएशन) म्हणतात. फ्रान्समधल्या फ्रेडरिक मिशार आणि सहकाऱ्यांनी २००० साली ४० रुग्णांवर दाखवलं की पीपीव्ही १३ टक्क्यांच्या वर असेल तर द्रव दिल्यावर ठोका वाढतो, खाली असेल तर बहुधा नाही. बाटलीला हात न लावता मिळणारं उत्तर! साहजिकच सगळ्यांना आवडलं.

पण तेरा ही काही भिंत नव्हे. २०११ मध्ये मॅक्सिम कॅनेसन आणि सहकाऱ्यांनी चारशेहून जास्त ऑपरेशनच्या रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा ९ ते १३ टक्क्यांच्या दरम्यान खात्रीने काहीच सांगता येत नाही असं दिसलं, आणि जवळपास पाव रुग्ण नेमके त्याच पट्ट्यात होते.

शिवाय अटी आहेत, आणि त्या कडक आहेत. हृदयाची लय नियमित हवी. ठोकेच अनियमित असतील तर लाट त्यामुळेच झुलते. रुग्णाने स्वतःहून श्वास घेता कामा नये. छाती बंद हवी. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरला की पोटातला दाब वाढतो आणि १३ चा तोच आकडा तिथे तसाच वापरता येत नाही. सिझेरियनचं तर बोलायलाच नको. बाई जागी, स्वतः श्वास घेतेय, दंडाला साधा पट्टा; पीपीव्हीचा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे कमरेच्या इंजेक्शनने दाब पडणार हे आधीच माहीत असतं, म्हणून भाकीत करत बसण्यापेक्षा फेनिलेफ्रिनसारखं रक्तवाहिन्या आवळणारं औषध सुरुवातीपासूनच चालू ठेवावं, असं २०१८ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमती-पत्रात सांगितलंय. नुसत्या बाटल्यांनी तो दाब सावरत नाही, हे सिझेरियन करणाऱ्या कुठल्याही रुग्णालयात अनुभवाने माहीत असतं.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच निघाली. पीपीव्हीसाठी व्हेंटिलेटरने दर श्वासाला किलोमागे किमान ८ मिलिलिटर हवा द्यायला हवी. त्यापेक्षा कमी हवेने छातीतला दाब पुरेसा हलतच नाही. आणि नेमक्या त्याच काळात फुप्फुसं जपण्यासाठी सगळे ६ मिलिलिटरकडे वळत होते. म्हणजे रुग्ण चढावर असूनही आकडा लहान दिसणार आणि द्रव द्यायचं राहून जाणार.

यावर एक अतिशय साधा तोडगा मुंबईतून आला. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. शीला मायात्रा, डॉ. जिगीशू दिवाटिया आणि सहकाऱ्यांनी, फ्रान्समधल्या तज्ज्ञांबरोबर, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. करायचं काय, तर ६ मिलिलिटरवर चाललेला श्वास एकच मिनिट ८ वर न्यायचा आणि पीपीव्ही किती वाढतो ते पाहायचं. साडेतीन किंवा त्याहून जास्त टक्के-अंकांनी वाढला तर हृदय चढावर आहे. मग श्वास पुन्हा ६ वर. मूळ अभ्यास छोटा, वीस रुग्णांचा आणि तोही अतिदक्षता विभागातला होता, पण नंतर इतरांनी तो ऑपरेशन थिएटरमध्येही करून पाहिला. ना नवं यंत्र, ना जास्तीचा खर्च. आपल्याकडच्या संशोधनात मला हा प्रकार फार आवडतो.

आता आपल्या रुग्णाकडे येऊ. पीपीव्ही २०, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘हो’: द्रव दिलं तर ठोका वाढेल. दुसऱ्या प्रश्नाचं काय?

धमन्या किती ताठ आहेत यावर ते ठरतं. ताठ धमनीत थोडं जास्त रक्त आलं तरी दाब उसळतो. सैल पडलेल्या धमनीत तेवढंच रक्त आलं तर ती फुगून त्याला सामावून घेते आणि मॉनिटरवरचा आकडा ढिम्म हलत नाही. हा ताठपणा त्या क्षणी किती आहे, हेही श्वासाबरोबरच्या झुलण्यावरूनच काढायचा प्रयत्न झाला. श्वासागणिक पल्स प्रेशर किती टक्के बदलतं याला ठोक्यातलं रक्त किती टक्के बदलतं याने भागायचं. आपल्या रुग्णात ठोक्यातलं रक्त २५ टक्के झुलतंय आणि पल्स प्रेशर २० टक्के, तर भागाकार ०.८. रक्तातला बदल दाबात पुरता उतरत नाही असा त्याचा अर्थ. रक्त १६ टक्केच झुलत असतं तर भागाकार १.२५ आला असता, म्हणजे थोड्या रक्तानेही दाब चांगला हलतोय.

स्पेनमधल्या मॉन्हे गार्सिया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २५ रुग्णांवर हे मोजलं. दाब घसरलेल्या आणि चढावरच असलेल्या या रुग्णांमध्ये भागाकार ०.८९ पेक्षा जास्त असेल तर द्रव दिल्यावर सरासरी दाब वाढला, कमी असेल तर नाही. निकाल इतका स्वच्छ होता की शंका यावी, आणि ती आलीच. अशा मॉनिटरमध्ये ठोक्यातलं रक्त वेगळं मोजलेलं नसतं. तेही त्याच धमनीच्या लाटेवरून गणिताने काढलेलं असतं. म्हणजे अंश आणि छेद दोन्ही एकाच लाटेतून आले. नंतरच्या अभ्यासांत कुठे हा भागाकार चालला, कुठे नाही. मी त्याच्याकडे निकाल म्हणून पाहणार नाही, इशारा म्हणून पाहीन: ०.८ दिसत असेल आणि दाब ५७ असेल, तर बाटली रिकामी व्हायची वाट पाहत बसू नये. नॉरअ‍ॅड्रेनालिन थोडं सुरू करावं आणि द्रव बेताने द्यावं.

आणखी एक गोष्ट या सगळ्या आकड्यांच्या नादात हरवते. हृदय चढावर आहे म्हणजे द्रव द्यायलाच हवं, असं नाही. हा लेख वाचणाऱ्या धडधाकट माणसाचं हृदयही चढावरच आहे. त्याला अर्धा लिटर सलाईन दिलं तर त्याचाही ठोका वाढेल, म्हणून कुणी त्याला बाटली लावत नाही. गरज आहे की नाही हे वेगळं ठरवायचं असतं: रक्त गेलंय का, लघवी होतेय का, रक्तातलं लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण) वाढतंय का, की सर्जनचा हात किंवा जखम उघडी धरणारा रिट्रॅक्टर पोटातल्या मोठ्या शिरेवर दाबला गेलाय? शेवटच्याला औषध एकच, ‘सर, जरा हात सैल करा’.

जास्त दिलेलं द्रव कुठे जातं, हेही माहीत असावं. आर.एल.चा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा रक्तवाहिन्यांत टिकतो, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. उरलेला ऊतींत झिरपतो. आतडं सुजतं, रक्त पातळ होतं, फुप्फुसं जड होतात. म्हणून मध्यंतरी लंबक उलटा गेला आणि ‘कमीत कमी द्या’ची लाट आली. २०१८ मध्ये रिलीफ नावाच्या चाचणीने तिलाही लगाम घातला. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांचे सात देशांतले सुमारे तीन हजार रुग्ण. एका गटाला हात आखडून द्रव, दुसऱ्याला सढळ. वर्षभरानंतरच्या धडधाकटपणात फरक पडला नाही, पण मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण आखडत्या गटात ८.६ टक्के आणि सढळ गटात ५ टक्के निघालं.

जिथे धमनीत लाईन घातलेली नाही, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य ऑपरेशनांत, तिथे काय? बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरची लाटही श्वासाबरोबर झुलते आणि काही यंत्रं तिचा आकडा देतात. बोटं गार पडली किंवा रक्तवाहिन्या आवळणारं औषध चालू असलं की तो फसवतो. दुसरा एक साथीदार बऱ्याच ठिकाणी असतोच, उच्छ्वासातला वायू मोजणारा कॅप्नोग्राफ. व्हेंटिलेटरच्या सेटिंगला हात न लावता थोडंसं द्रव पटकन दिलं आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चढला, तर फुप्फुसांतून जास्त रक्त जाऊ लागलंय, म्हणजे हृदय जास्त फेकू लागलंय. शंभर मिलिलिटर मिनिटभरात देऊन पाहायची छोटी चाचणीही अशीच. दंडाचा पट्टा मात्र याला उपयोगाचा नाही. तो तीन नाहीतर पाच मिनिटांनी फुगतो, आणि तो फक्त दाबच सांगतो. म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरं एकत्र कालवून.

मग संगणकाला का विचारू नये? विचारून झालंय. २०१८ मध्ये धमनीच्या लाटेवरून बीपी पडणार हे काही मिनिटं आधी सांगणारा निर्देशांक आला आणि बराच गाजला. २०२२ मध्ये डेन्मार्कमधल्या दोन संशोधकांनी त्याच्या जडणघडणीतली एक खोच दाखवून दिली. शिकवताना ‘बीपी पडलं नाही’ या बाजूची उदाहरणं घेतली होती ती सरासरी दाब ७५ च्या वर असतानाची. त्यामुळे दाब ७२ दिसला की तो पडणार असं म्हणायला यंत्राला फारशी अक्कल लागत नव्हती. शिवाय पडणार हे कळलं तरी कशाने सावरणार हे कळत नाही, आणि आपला प्रश्न तर तोच आहे.

द्रव दिल्यावर दाब किती वाढेल, हे थेट शिकवायचं म्हटलं तर अडचण नोंदींपासूनच सुरू होते. दक्षिण कोरियातल्या सोल राष्ट्रीय विद्यापीठ रुग्णालयाने सहा हजारांहून जास्त ऑपरेशनांच्या लाटा आणि आकडे सगळ्यांसाठी खुले केले आहेत; लाटेचा कण न् कण तिथे आहे. पण थिएटरमध्ये दाब पडला की भूलतज्ज्ञ बाटलीचा रोलर उघडतो, त्याच मिनिटाला औषधाचा एक डोस देतो, भुलीचा वायू कमी करतो आणि सर्जनला थांबायला सांगतो. तीन मिनिटांनी दाब वर येतो. चौघांपैकी कुणामुळे आला हे लाटेवर लिहिलेलं नसतं. आणि सगळ्यांत गबाळी नोंद असते ती बाटलीचीच. ती लावली कधी हे कागदावर सापडतं, पण पहिली दोनशे मिलिलिटर पाच मिनिटांत गेली की पाऊण तासात, हे बहुतेक वेळा कुणी लिहिलेलंच नसतं.